उन्हाळी 89, केमिस्ट्री बॅच: कोण कुठं आहे?

बनोसा_टेसन
16 नोव्हेंबर 2025, रात्री 9:20

दिवाळीत माळा साफ करताना बीएस्सी फायनलचं केमिस्ट्रीचं जर्नल सापडलं. अर्धं वाळवीनं खाल्लं, अर्धं शाबूत. म्हणून हा धागा.

दर्यापूरचं आपलं कॉलेज, अमरावती विद्यापीठ, उन्हाळी 1989. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे परीक्षा 'उन्हाळी' अन् 'हिवाळी' असते. उन्हाळीत अडकला तो हिवाळीत निघतो. मी दोन्हीकडे अडकलो, पण तो विषय नको.

फायनलला आपण 23 होतो. व्हॉट्सॲपचा ग्रुप निघाला होता, तो दोन निवडणुकांत मेला. उरलं होतं ते गुड मॉर्निंगच्या गुलाबांनी मारलं. आता आपल्यातले नोकरीवाले धडाधड 58 चे होऊन राहिले आहेत. एकदा हजेरी घेऊ. नावं टाकू नका, इथे सगळं जग वाचते. प्रॅक्टिकलची खूण सांगा, ओळखतो आपण एकमेकांना.

माझी खूण: किपच्या यंत्राजवळचं टेबल. वर्षभर शर्टाला सडक्या अंड्याचा वास.

माझं म्हणाल तर 31 वर्षं बँकेत गेली, त्यातली 12 ग्रामीण शाखेत. दोन वर्षांआधी व्हीआरएस घेतली. बडनेऱ्याला घर. एकच पोरगी, बंगळुरात. बीपीची एक गोळी सकाळी, कोलेस्टेरॉलची रात्री.

जानेवारीत भेटायचं का? अमरावतीला एका हॉटेलचा हॉल पाहून ठेवला आहे. माणशी 2500 पडतील, दोन वेळचं जेवण धरून.

हडपसरकर
16 नोव्हेंबर, रात्री 10:05

किपवाल्या! मी बॅलन्सरूमवाला. वजनपेटीतलं 10 मिलिग्रॅमचं वजन ज्याच्याकडून हरवलं तो.

एमएस्सी औरंगाबादला केलं, मग पुण्यात औषधकंपनीत क्वालिटी कंट्रोल. तीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या गोळ्यांत चुका शोधतो आहे. घर हडपसरला, हप्ते मागच्या वर्षी संपले. मुलगा जर्मनीत. बायको साताऱ्याची, त्यामुळे घरात मी 'करून राहिलो' म्हटलं की सगळे हसतात. आता सवय गेली. फोनवर गावाकडचं कुणी भेटलं की मात्र आपोआप सुरू होतं.

हॉलला माझी हरकत नाही. 2500 आत्ताच पाठवू का?

डबल_बेल
17 नोव्हेंबर, सकाळी 6:10

थांब ना बे, पैशाची येवढी काय घाई.

मी गॅदरिंगमधी नवरदेव झालो होतो तो. 1993 पासून एसटीत कंडक्टर. बीएस्सी केमिस्ट्री अन् हातात तिकिटाचा ट्रे, पयले पयले बापाले लाज वाटे. मंग भाऊ एमए होऊन घरीच बसला तं लाज गेली.

संपात होतो, नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022. सहा महिने पगार नाई. बायकोनं शिलाई मशीन काढली, तिच्यावर घर चाललं. हे मी कोनाले सांगत नसतो. मार्च 2023 पासून बायांले अर्धं तिकीट झालं तवापासून गाडीत बसाले जागा नाई. ज्या आज्या 20 वर्सं गावाच्या बाहेर गेल्या नोयत्या त्या आता दर सोमवारी लेकीकडं.

हेडमास्तरनं माही जन्मतारीख 1 जुलै लिवली होती, म्हनून 30 जूनले रिटायर. खरा जन्म पोळ्याचा हाय म्हने माय. हेडमास्तरनं दोन महिन्यांचा पगार बुडवला माहा.

मास्तरीण
17 नोव्हेंबर, सायंकाळी 7:40

नवरदेवा, तुमच्या गाडीत मी दोनदा बसली आहे. परतवाड्यापर्यंत. तुम्ही ओळखलं नाही, सुट्टे मागत होते.

मुलींच्या टेबलावर ब्युरेट (काचेची मापनळी) फुटली होती ना, ती मी नाही फोडली. 36 वर्षांनी तरी लिहून ठेवते.

बीएड करून बसले, नोकरी मिळेना. मग डीएड केलं अन् जिल्हा परिषदेत लागले. पहिलंच गाव धारणी तालुक्यातलं, मेळघाटात आत. मुलं कोरकू. कोरकू म्हणजे आपल्या मराठी-हिंदीच्या गोत्यातली भाषाच नाही, मुंडा भाषा आहे ती. पहिलीच्या वर्गात मी 'कमळ' म्हणे अन् 31 लेकरं माझ्या तोंडाकडे पाहत. तिसऱ्या महिन्यात चौथीतली एक पोरगी शेजारी बसवून घेतली, ती माझी दुभाषी. त्या पोरीनं मला शिकवलं असं म्हणायला पाहिजे. तीन वर्षांसाठी गेले होते, अठरा वर्षं राहिले. बदली मागितली की लोक म्हणत, मॅडम, पुढच्या वर्षी जा. शेवटी सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा खाली उतरले.

मे महिन्यात रिटायर होते. गुडघे आधीच झाले आहेत.

कायम_विना
18 नोव्हेंबर, रात्री 11:30

नावावरून ओळखा. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये मला नेहमी अमोनियम क्लोराईडच यायचं.

फिजिक्समध्ये एमएस्सी. पुढे एका ज्युनिअर कॉलेजात लागलो. संस्थेचं नाव घेत नाही. मान्यतेच्या पत्रात 'कायम विनाअनुदानित' असे शब्द होते. अर्थ असा की मास्तर कायम, अनुदान कधीच नाही. मग सरकारनं 'कायम' शब्द काढला तेव्हा आम्ही पेढे वाटले. पुढे कित्येक वर्षं त्या पेढ्यांचीच चव. मग 20 टक्के आले. त्यापुढच्या प्रत्येक टप्प्याला आझाद मैदान. मुंबईत मी समुद्र चारदा पाहिला, चारही वेळा मोर्च्याच्या निमित्तानं.

मधली अठरा वर्षं शिकवण्या घेऊन काढल्या. ज्यांना शिकवलं त्यातला एक अमरावतीत हाडांचा डॉक्टर आहे, माझ्याकडून फी घेत नाही. आणखी काय सांगू? पेन्शन नाही. 2500 जमणार नाहीत असं नाही, पण हॉटेलात पनीर खायला 2500 द्यायचं जिवावर येते.

हडपसरकर
18 नोव्हेंबर, रात्री 11:48

सर, तुमचे मी भरतो. त्यात काय एवढं.

कायम_विना
18 नोव्हेंबर, रात्री 11:55

नको.

धुऱ्यावरचा
20 नोव्हेंबर, रात्री 8:15

वाचून रायलो. चालू द्या.

बनोसा_टेसन
20 नोव्हेंबर, रात्री 8:30

अरे, हा तर माझा पार्टनर! एकाच बाटलीतलं सिल्व्हर नायट्रेट वापरलं आपण. लिही ना काही.

धुऱ्यावरचा
20 नोव्हेंबर, रात्री 9:10

माह्यापाशी काय अपडेट? तुमच्यापाशी लागलो, बदली झाली, प्रमोशन झालं, रिटायर झालो, असं चार ओळीचं असते. मी 1989 ले वावरात होतो, आताही वावरातच हाय. सात एकर होतं, सातच हाय. यंदाचा मूग पानी खाऊन गेला. तोडाले आला अन् झाडावरच कोंब फुटले. मुगाचा हमीभाव 8768, पन कोंबाले भाव नसते.

कापूस दोन एकर. ऑगस्टमधी सरकारनं बाहेरच्या कापसावरचं 11 टक्के शुल्क काढलं तं व्यापारी सात हजारच्या खालीच बोलून रायला. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7710. सरकारी कापूस खरेदीवाल्या सीसीआयच्या ॲपवर नोंदनी केली हाय, बोंडातलं पानी वाळलं म्हंजे नेतो.

झालं. अमरावतीले काई येत नाई मी. हरभऱ्याचं पयलं पानी त्याच दिवसांत असते.

कोल्हापूरचा_पाहुणा
21 नोव्हेंबर, दुपारी 1:15

तुमच्या बॅचचा नाही, पण धागा सोडवत नाही. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा ना? खारं पाणी असताना हरभऱ्याला पाणी कसलं देता? आमच्याकडं विहीर म्हटली की गोडंच.

धुऱ्यावरचा
21 नोव्हेंबर, रात्री 9:45

पाहुण्यांनी इचारलं म्हनून सांगतो. या धाग्यावर कामाचा प्रश्न पयल्यांदा आला.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगानं अमरावती, अकोला अन् बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा जाते. काळी माती इतकी खोल का कुदळ बुडली तं मुरूम लागत नाई. निचरा नाई, म्हनून क्षार खाली साचून रायले. विहीर खंदली तं पानी लागते, पन ते तोंडात धरवत नाई. वावराले देलं तं दोन वर्सांत माती चिकट होऊन दगडावानी वाळते. सोडियम येऊन कॅल्शियमले हाकलते, मातीचे कन सुटे होऊन मातीतली भोकं बुजवतात, पानी मुरत नाई. हे मी बीएस्सीत शिकलो. बापाले बिना बीएस्सीचं ठाऊक होतं. तो म्हने, 'या पान्यानं वावर मरते.'

1988 ची गोष्ट. मोठा काका ऐकेना, त्यानं कर्ज काढून विहीर खंदली. 62 फुटावर पानी लागलं. गावात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी चव घेतली अन् काकू रडाले बसली. मी बाटलीत ते पानी भरून शकुंतला रेल्वेनं कॉलेजात आनलं. सरांनी प्रॅक्टिकल बाजूले ठेवलं अन् म्हने, चाल, क्लोराईड काढू याचं. हा टेसनवाला माह्या बाजूले होता. पानी जितकं खारं तितकं सिल्व्हर नायट्रेट जास्त लागते, अन् खूप गेलं होतं. आकडा आता याद नाई. बोटं काळी झाली होती तेवढं याद हाय. चार दिवस गेली नाई. मतदानाची शाई लावल्यावानी.

ते विहीर तशीच हाय. काका गेला. आता हरभऱ्याले पानी देतो ते शेततळ्याचं. 2016 ले 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, मी मागितलं, भेटलं. आमच्या मातीत पन्नीची गरज नाई, चिकनमाती हाय, पानी खाली जातच नाई. जे मातीचं वाईट तेच तळ्याच्या कामाचं. पावसाचं पानी, गोड. एक पानी हरभऱ्याले भेटलं तं एकरी दोन-तीन पोत्यांचा फरक पडते. प्याले शहानूर धरनाचं नळाचं पानी येते, चार-पाच दिवसाआड.

लय झालं. बोटं दुखली.

कोल्हापूरचा_पाहुणा
21 नोव्हेंबर, रात्री 10:20

'माझ्याकडे अपडेट नाही' म्हणाला होता नव्हं तुम्ही?

बनोसा_टेसन
21 नोव्हेंबर, रात्री 10:40

मंडळी, माझ्या जर्नलचं पान 47. वाळवीनं कडा खाल्ल्या आहेत, आकडे वाचता येतात:

'विहिरीचे पाणी (पार्टनरचे). नमुना 25 मिली. 0.02 नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट. सूचक पोटॅशियम क्रोमेट. ब्युरेट वाचन 41.3.'

खाली सरांची लाल शाई: 'पुन्हा करा.' आपण पुन्हा केलं होतं. तेच आलं.

हडपसरकर
21 नोव्हेंबर, रात्री 10:52

म्हणजे लिटरला साधारण 1170 मिलिग्रॅम क्लोराईड. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक 250, दुसरी सोयच नसेल तर फार तर 1000. दुसरं काही करायचं सोडून मी हे गणित आधी का केलं माहीत नाही.

अर्धी_पदवी
23 नोव्हेंबर, दुपारी 3:30

मी लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. मी फायनलला नव्हतेच. सेकंड इयरची परीक्षा झाली अन् उन्हाळ्यात लग्न झालं. तुमच्या 23 मध्ये मी धरलेली नाही. पण दोन वर्षं अंजनगावाहून शकुंतलेनं तुमच्यासोबतच येत होते. वाफेचं इंजिन होतं, खिडकीत बसलं की पांढऱ्या ओढणीवर कोळसा. इंजिन 1994 मध्ये बदललं, डिझेल आलं. तोवर माझी मोठी मुलगी शाळेत जाऊ लागली होती. आता तर गाडीच बंद आहे, रुळांत बाभळी उगवल्या.

सासर अंजनगावातच. घरी पानमळा अन् पानपिंपरी. इथल्या बाहेर फार कुणाला माहीत नसते म्हणून सांगते: तिचा वेल असतो, शेवरी-पांगाऱ्याच्या सावलीत चढवतात. वर ऊन लागलं तर पान करपते, सावली जास्त झाली तर कणीस धरत नाही. हिरवं-करडं असतानाच तोडायचं. पिकू दिलं की भाव गेला. वाळवलं की काळपट होते अन् औषधवाले नेतात. सुंठ, मिरे, पिंपळी, ती त्रिकटूमधली पिंपळी म्हणजे हीच.

पहिली पंधरा वर्षं मी तोडणी केली अन् पोळ्या केल्या. पाठीची कमान झाली. धाकटा दहावीत गेला तेव्हा त्याचं विज्ञान मी घ्यायची. एक दिवस तो म्हणाला, 'आई, तुले एवढं येते तं तू नापास कायले झाली?' त्याला वाटायचं मी नापास होऊन शाळा सोडली. मी काही बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणला. विज्ञान जमण्यासारखं नव्हतं, म्हणून बीए. अभ्यासिकेत माझ्या बाजूला माझ्या नणंदेची सून बसायची. वयाच्या 41 व्या वर्षी पदवी झाली. नवऱ्यानं फोटो मोठा करून बैठकीत लावला, त्यात टोपी जरा वाकडी आहे.

त्या पदवीनं नोकरी नाही लागली. पण पिंपरीचा व्यापारी वजनात मारायचा, त्याच्याशी आता मीच बोलते. काटा आमचा असतो.

मला येऊ द्याल का भेटायला?

मास्तरीण
23 नोव्हेंबर, दुपारी 3:41

अगं बाई! तूच ना ती, प्रत्येक डब्यात पानगे आणणारी? ब्युरेट कोणी फोडली ते तुला तरी आठवते का?

अर्धी_पदवी
23 नोव्हेंबर, दुपारी 4:02

मीच फोडली. घाबरून सांगितलं नव्हतं.

डबल_बेल
23 नोव्हेंबर, सायंकाळी 5:00

घ्या! 36 वर्साची केस निकाली.

आता माहं ऐका. हॉटेल रद्द. धुऱ्यावरच्याच्या वावरात भेटू. रोडगे, वांग्याची भाजी, वरन. तो येत नाई म्हनते तं आपन जाऊ. तारीक मी काढतो: पौषातला रयवार, 11 जानेवारी. त्याच दिवसांत पूर्णेच्या काठी ऋणमोचनची यात्रा असते. ज्याले दर्शन घ्याचं तो सकाळी घेऊन यीन. गाडगेबाबांनी बांधेल घाटावर पाय धुवा अन् या जेवाले.

बनोसा_टेसन
24 नोव्हेंबर, रात्री 11:15

चालेल. पण त्याच्या वावरात जेवायच्या आधी मला एक गोष्ट लिहायची आहे. फोनवर बोलता आली नाही वीस वर्षं.

2005 साली मी ज्या शाखेत होतो, तिच्या थकबाकीच्या यादीत पार्टनरचं नाव होतं. पीककर्ज, व्याज धरून 52 हजार. वरून तगादा होता, मार्चच्या आत नोटिसा गेल्या पाहिजेत. एका दिवसात 140 नोटिसांवर सह्या केल्या. त्याच्या नोटिशीपाशी हात थांबला. मग केली सही. दुसऱ्या साहेबाच्या टेबलावर सरकवता आली असती, नाही सरकवली. त्यानंतर त्याच्या गावाकडे गेलो की मी फाट्यावरूनच परतत होतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 2006 मध्ये आपल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं, 2008 मध्ये कर्जमाफी. माफी पूर्ण कोणाची? दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकर. आमच्या कोरडवाहू भागात सात एकरवाला कागदावर मोठा शेतकरी. यादीत त्याचं नाव 'इतर'मध्ये. चौथा हिस्सा किंवा 20 हजार, जे जास्त असेल ते सुटणार, तेही उरलेले भरले तर. त्यानं 32 हजार भरले. कुठून भरले ते मी विचारलं नाही. पावतीवर सही माझ्या हाताखालच्या माणसाची आहे. मी त्या दिवशी मुद्दाम जेवायला लवकर गेलो होतो.

कायम_विना
25 नोव्हेंबर, सकाळी 7:00

(वाचलं.)

धुऱ्यावरचा
26 नोव्हेंबर, रात्री 8:50

नोटीस माह्यापाशी हाय अजून.

कागद चांगला जाड होता तुमच्या बँकेचा अन् मांगची बाजू कोरी. त्या साली कापूस वेचनीचा हिशेब त्याच्यावरच लिवला. कोन बाई किती किलो, किलोले सव्वा रुपया. तुह्या सहीच्या मांगं शांताबाईचे 43 किलो हायेत.

32 हजार कसे भरले तं बैलजोडी इकली. त्यातला एक मारका होता, त्याचं दुख नाई. दुसऱ्याचं झालं.

तू जेवाले लवकर गेला ते मले ठाऊक हाय. मी खिडकीपाशीच उभा होतो. तुह्या टेबलावर चष्मा राहेल होता, म्हटलं चष्म्याशिवाय हा काय जेवते.

11 तारखेले ये. चष्मा घेऊन येजो.

भटक्या_खवय्या
27 नोव्हेंबर, दुपारी 12:30

विषय बदलतोय म्हणून माफ करा, पण रोडगे म्हणजे बाटीच ना?

अर्धी_पदवी
27 नोव्हेंबर, दुपारी 2:10

बाटी नाही हो. जरा जाडसर कणीक, त्यात ओवा, मीठ, तेलाचं मोहन, घट्ट मळायची. छोट्या पाऱ्या लाटायच्या, एकीवर एक ठेवायच्या, प्रत्येकीला मधे तेल. त्या सगळ्यांना वरून एक मोठी पारी गुंडाळून गोळा बंद करायचा. गोवऱ्यांची आर पडली, धूर गेला, की त्यात पुरायचे. धूर असताना घातले तर कडू लागतात. शिजले की फडक्यात घेऊन राख झटकायची अन् मुठीनं फोडायचं. आतून पदर सुटले पाहिजेत. तूप कमी घातलं तर रोडग्याला राग येते असं माझी आजी म्हणायची.

हडपसरकर
12 जानेवारी 2026, रात्री 10:30

परतीच्या गाडीत बसून लिहितोय. 23 पैकी 14 आणि अर्धी_पदवी धरून 15 आलो. तिघे आता नाहीत, ते तिथे गेल्यावरच कळलं. दोघांचे मोबाईल लागत नाहीत. बाकीच्यांची कारणं नेहमीची.

मी पुण्याहून एक वेडेपणा नेला होता. छोटी ब्युरेट, स्टँड, 0.02 नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट गडद बाटलीत, क्रोमेट. मास्तरणीनं विहिरीचं पाणी दोरीनं काढलं. 62 फुटांवरचं पाणी आता बरंच खाली गेलं आहे, दोरी दोनदा जोडावी लागली. बैलगाडीच्या साटीवर स्टँड उभा केला. वारं होतं, म्हणून डबल_बेल धोतराचा पदर धरून आडोसा करत उभा राहिला. (हो, तो धोतर नेसून आला होता.) धुऱ्यावरच्यानं तोटी सोडली. हात अजून बरोबर आहे त्याचा, शेवटचे थेंब एकेक. पिवळ्या पाण्यात दह्यासारखं पांढरं बसत गेलं. ते कितीतरी वेळ पिवळंच राहिलं. मग एका थेंबाला विटकरी झाक आली ती मोडली नाही.

47.6 मिली. म्हणजे लिटरला 1350 च्या आसपास. तेव्हा कोणत्या महिन्यात पाणी काढलं होतं ते जर्नलमध्ये नाही, म्हणून 41.3 शी सरळ तुलना करू नये असं मी म्हणत होतो. कुणी ऐकून घेतलं नाही. नंतर शेततळ्याचं पाणी घेतलं. 2.1 मिलीला रंग आला. साधारण 60. धुऱ्यावरच्यानं तोच ग्लास उचलला, क्रोमेट नसलेला, आणि पिऊन टाकला. मी शेततळ्यातलं पाणी गाळून, उकळून प्यायचं असतं असं सांगेपर्यंत ग्लास रिकामा.

कायम_विना सरांनी वाचनं जर्नलच्या पान 48 वर लिहिली. अक्षर फळ्यावरचंच. खाली त्यांनी लाल पेनानं 'पुन्हा करा' लिहिलं.

डबल_बेल
13 जानेवारी, सकाळी 5:50

माही बोटं काळी झाली. ड्युटीवर एक बाई म्हने, कंडक्टर, कुठी मतदान करून आला?

कायम_विना
13 जानेवारी, रात्री 9:00

नोटीसही पाहायला मिळाली. प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून ठेवली आहे त्यानं. टेसनवाल्यानं चष्मा लावून मागची बाजू वाचली, पुढची नाही. शांताबाईंचे 43 नाही, 48 किलो निघाले. आकडा पुसट झाला होता. दोघंही त्यावरून दहा मिनिटं भांडले. मग दोघांनी मिळून पूर्ण बेरीज केली तर त्या साली एका बाईला सव्वासहा रुपये कमी गेले होते असं निघालं. धुऱ्यावरचा तेव्हाच उठून तिच्या घरी निघाला होता, जेवण झाल्यावर जा म्हणून बसवला.

मास्तरीण
13 जानेवारी, रात्री 9:25

गेला का मग?

धुऱ्यावरचा
14 जानेवारी, रात्री 8:10

गेलो. तीळगूळ अन् दहा रुपये देले. ती म्हने, कायचे? म्हटलं 2005 चे. म्हने, भाऊ, पिऊन आला का?

हरभऱ्याले पानी देनं सुरू हाय. घाटे धरून रायले.

अर्धी_पदवी
16 जानेवारी, सकाळी 10:15

वरणाचा माझा पितळी गंज (पातेलं) कोणाच्या गाडीत गेला? तळाला डाग दिलेला आहे, कडीपाशी चेपलेला. सासूबाईंचा आहे, रोज विचारतात.

बनोसा_टेसन
16 जानेवारी, दुपारी 12:40

माझ्या डिक्कीत आहे. आत उरलेलं वरण होतं, बायको दोन दिवस बोलली नाही. अंजनगावला येऊन देतो. रविवारी चालेल? येताना धुऱ्यावरच्याकडे थांबायचं आहे, जर्नल त्याच्या पडवीतच राहिलं.

अर्धी_पदवी
16 जानेवारी, दुपारी 1:05

चालेल. रिकामा गंज देत नसतात, त्यात काहीतरी घालून आणजा.